सीडी प्लेअरची जोडी जमवताना

म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार पाश्चात्त्य संगीताचे मोठे दर्दी होते. रशियन संगीतकार मेत्नेर यांच्या रचना ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून त्यांनी १९४० च्या दशकात पैसा पुरवला. त्यांच्याकडे रेकॉर्डचा प्रचंड संग्रह आणि लाऊडस्पीकरही नाना तऱ्हेचे!

सामान्य घरात मात्र आहे त्याच संचाशी जुळवून घ्यावे लागते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला सीडी प्लेअर जोडताना ‘फोनो’ सॉकेट टाळावे. ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असते. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो. मग आवाज फाटतो, स्पीकरलाही इजा पोहोचू शकते. ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ सॉकेट वापरावे. प्लेअरसाठी पैसे मोजण्याआधी घरच्या अ‍ॅम्प्लिफायरची मागची बाजू जरूर पाहावी!