खोदा, पण आधी बघा!

मुंबई किती जुनी? होस्टेलवर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. "सात बेटं होती, इंग्रज आले, भराव टाकला, मुंबई झाली!" कॉन्व्हेंटमध्ये आम्हालाही हेच शिकवलं. १६६१ ला पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात बेटं आंदण मिळाली, १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, की धडा संपला. आणि उपनगरं? ती तर म्हणे कालपरवाची. आधी भातशेती, मग तबेले, मग टॉवर.

मित्रांनो, गोष्ट नेमकी उलटी आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हा सगळा भाग साष्टी बेटाचा. इथे माणूस राहत होता तो इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून. कांदिवलीच्या परिसरात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आणि त्याने १९३९ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि तिथे जवळजवळ हजार वर्षं बौद्ध भिक्षूंचा राबता होता. अंधेरी पूर्वेला कोंडिविट्याची, म्हणजे आपण ज्यांना महाकाली म्हणतो ती, एकोणीस लेणी. जोगेश्वरीचं शैव लेणं सहाव्या शतकातलं. बोरिवलीचं मंडपेश्वरही साधारण त्याच काळातलं, नंतर पोर्तुगीजांनी त्याच्यावरच चर्च बांधलं. एक्सरचे वीरगळ तर बघायलाच हवेत! समुद्रावरच्या लढाईत मेलेल्या वीरांचे ते दगड, त्यांच्यावर वल्ह्यांची जहाजं कोरलेली आहेत. तेराव्या शतकातला शिलाहार आणि यादवांचा संघर्ष त्यात दाखवला आहे, असं अभ्यासक मानतात.

गंमत बघा. मेट्रो २अ वर मंडपेश्वर आणि एक्सर ही स्टेशनं आहेत. मेट्रो ६ च्या आराखड्यात 'महाकाली केव्ह्ज' नावाचं स्टेशन आहे. म्हणजे पाटीवर नाव लिहायला आपल्याला इतिहास चालतो. पण खड्डा खणताना त्याची आठवण कुणाला होते का? माझा मुद्दा एवढाच आहे.

भुयार नाही, खड्डा महत्त्वाचा

कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही मेट्रो ३ म्हणजे मुंबईची पहिली भुयारी मेट्रो. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा उपनगरातला टप्पा आधी सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग. त्यासाठी सतरा टनेल बोअरिंग मशीन्स वापरली. सिव्हिलवाल्यांना हे सगळं कौतुकाचंच आहे, मलाही आहे.

पण बाकीच्या ब्रँचच्या दोस्तांसाठी थोडं स्पष्ट करते. टीबीएम जातं वीसएक मीटर खोलीवरून, आणि ते बहुतेक ठिकाणी काळ्या कातळातून. सहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या त्या बेसॉल्टमध्ये मातीची भांडी आणि नाणी मिळणार नाहीत. माणसाने मागे ठेवलेलं जे काही असतं ते वरच्या काही मीटरमध्ये, भराव, माती आणि मुरूम यांच्यात. हा थर टीबीएम फोडत नाही, तो फोडतो स्टेशनचा खड्डा. दोनशे मीटरच्या आसपास लांबीची ती पेटी वरून खाली खणत जावी लागते. त्याच्याही आधी पाण्याच्या, गटाराच्या, विजेच्या लाइन्स हलवायला चर खणतात. खरा धोका तिथे असतो. पोकलेनचा एक बकेट गेला, डंपर भरला, की जे काही होतं ते कुठल्यातरी भरावात पोचलं. कुणाला कळणारसुद्धा नाही.

दुसरा धोका जमिनीवर उभ्या असलेल्या जुन्या वास्तूंना. खोदताना भूजल उपसलं की जमीन खचू शकते, आणि ब्लास्टिंग किंवा ब्रेकरने कंप बसतात ते वेगळेच. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात ऐतिहासिक वास्तूंसाठी कंपाची मर्यादा, कमी वारंवारतेला, सेकंदाला फक्त २ मिलिमीटर दिली आहे. हा प्रश्न किती नाजूक आहे ते दक्षिण मुंबईने पाहिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये दादाभाई नौरोजी रोडवरच्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या इमारतीवरचा दगडी नक्षीचा तुकडा खाली पडला आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. २०१८ मध्ये दोन आतशबेहरामांजवळून बोगदा जाणार म्हणून पारशी समाजातले काही लोक कोर्टात गेले. तिथल्या पवित्र विहिरींच्या पाण्याचं काय होणार, हा त्यांचा प्रश्न होता. बाजू कुणाचीही बरोबर असो, निदान प्रश्न विचारला गेला.

फोर्टमध्ये प्रश्न विचारणारे लोक आहेत, वकील आहेत, हेरिटेज यादी आहे. आमच्या मरोळ-कोंडिविट्याचं काय?

यादीत नाव असेल तरच इतिहास?

आपला कायदा वाईट नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, २०१० मध्ये तो आणखी कडक झाला. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच काम. तो कागदावरच राहतो असंही नाही. पुण्याच्या मेट्रोचा मार्ग आगाखान पॅलेसजवळून जात होता, या नियमामुळे तो कल्याणीनगरमार्गे वळवावा लागला. पण हे सगळं कधी? आगाखान पॅलेस यादीत आहे म्हणून!

जे अजून सापडलेलंच नाही त्याचं नाव यादीत कसं असणार? पुण्यातच मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुन्या भुयारासारखं बांधकाम लागलं. ते पाणी वाहून नेण्यासाठी होतं असं पुढे आलं. शहरात रोज लाखो लोक त्याच्यावरून चालत होते, पण ठाऊक कुणालाच नव्हतं.

अशा वेळेसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं, असं तो सांगतो. आता बघा, फुटक्या रांजणाची किंमत दहा रुपये तरी आहे का? भंगारवाला नाही म्हणेल, पुरातत्त्वज्ञ मात्र त्या खापरावरून शतक सांगेल. आणि रात्री दोन वाजता पोकलेन चालवणाऱ्या माणसाने ते ओळखायचं कसं? गधेगाळ म्हणजे काय हे आपल्यापैकी तरी किती जणांना माहीत आहे? वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली गाढवाचं शापचित्र, असा शिलाहारकालीन दानाचा दगड असतो तो. माती लागलेला असला तर धोंडाच दिसणार.

कॉन्ट्रॅक्टमध्येही सोय असते. फिडिकच्या १९९९ च्या पुस्तकात 'फॉसिल्स' नावाचं कलम आहे. साइटवर जुनी नाणी, वस्तू, अवशेष निघाले तर ठेकेदाराने ते सांभाळायचे, लगेच इंजिनिअरला कळवायचं, आणि त्यामुळे उशीर झाला तर मुदतवाढ आणि खर्च मागता येतो. परीक्षेला हे कलम आपण पाठ करतो, दोन मार्कांचं असतं. साइटवर त्याची किंमत दोन मार्कांपेक्षा जास्त आहे, हे कुणी सांगत नाही.

बाहेर काय झालं

अथेन्सची मेट्रो २००० साली सुरू झाली. त्याआधी तिथे एवढं मोठं उत्खनन झालं की पन्नास हजारांवर वस्तू निघाल्या. आज सिंटाग्मा स्टेशनात काचेमागे जमिनीचा उभा छेद तसाच ठेवला आहे. गाडीला जाता-येता माणसं आपल्या शहराचे थर बघतात! इस्तंबूलला येनीकापी इथे २००४ पासून खोदताना बायझंटाइन काळातली ३७ जहाजं सापडली, आणि त्यांच्याही खाली आठेक हजार वर्षांपूर्वीची वस्ती. मार्मराय रेल्वे चारेक वर्षं लांबली. तिथले तेव्हाचे पंतप्रधानही या खापरांपायी उशीर होतो म्हणून वैतागले होते. शेवटी ऑक्टोबर २०१३ मध्ये गाडी धावलीच, आणि जहाजंही वाचली.

उलट उदाहरण दिल्लीचं. जुलै २०१२ मध्ये जामा मशिदीजवळ सुभाष पार्कात मेट्रोच्या कामात जुन्या भिंती निघाल्या. त्या अकबराबादी मशिदीच्या आहेत असं सांगत लगेच तिथे बांधकाम सुरू झालं आणि मामला कोर्टात गेला. मला यातून एकच धडा दिसतो. सापडल्यावर काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर पुरातत्त्वज्ञ पोचायच्या आत राजकारण पोचतं.

आणि सगळ्यात जुनं उदाहरण रेल्वेचंच आहे. १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान लाइन टाकताना हडप्पाच्या विटा उपटून खडी म्हणून रुळांखाली घातल्या. ते इंजिनिअर काही दुष्ट नव्हते. त्यांना विटा हव्या होत्या आणि त्या जवळ, फुकट मिळत होत्या. आपण काय फोडतोय हे त्यांना कळलंच नाही, एवढंच.

"मेट्रो हवी की मडकी?"

हा प्रश्न मेसच्या टेबलावर हमखास येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुंबईत लोकलमधून पडून, रूळ ओलांडताना दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. आपण अंधेरीला नऊची लोकल पकडणारी माणसं, आपल्याला गर्दी कुणी समजावून सांगायला नको. मेट्रो एक वर्ष लांबली तर ते एक वर्ष कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून "सगळं थांबवा" असं म्हणणाऱ्यांत मी नाही. जिवंत माणसाचा हक्क पहिला.

पण मेट्रो की मडकी असा हा सौदा नाहीच. उशीर होतो तो अवशेषांमुळे नाही, ते अचानक समोर आल्यामुळे होतो. कातळ किती खोल आहे हे बघायला आपण टेंडरच्या आधी बोअर मारतो. ती माहिती नसताना खणायला लागलो तर प्रोफेसर नापास करतील! मग माणसांच्या खुणा कुठे असू शकतात हे आधी बघायला काय हरकत आहे? कामाचा खर्च हजारो कोटींत असताना एक पुरातत्त्वज्ञ आणि त्याचे चार मदतनीस यांचा पगार दिसणारसुद्धा नाही.

माझ्या मते एवढं तरी व्हावं:

एक, स्टेशनची जागा पक्की करण्याआधी जुने नकाशे, गावठाणं, तळी, देवळं, क्रॉस, लेणी यांचा अभ्यास. मरोळ, कोंडिविटे, आंबोली, एक्सर ही गावं नकाशावर आजही दिसतात. जुन्या खुणा गावठाणाजवळच मिळायची शक्यता जास्त.

दोन, संशय असेल तिथे ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार आणि हाताने खणलेले चाचणी-चर. लाइन्स हलवायचे चर खणावे लागतातच, तेव्हा पुरातत्त्वज्ञ काठावर उभा असावा.

तीन, वरच्या तीन-चार मीटरचं खोदकाम चालू असताना त्याची नजर, आणि अवशेष निघाले तर नोंदीसाठी ठराविक दिवस वेळापत्रकातच धरलेले. म्हणजे ठेकेदाराला लपवायची गरज वाटणार नाही.

चार, साइटवर चित्रांचा एक फलक, मराठी, हिंदी, बंगालीत. वीरगळ असा दिसतो, गधेगाळ असा, खापर असं. आणि कळवणाऱ्या कामगाराला बक्षीस.

पाच, सापडलं ते त्याच स्टेशनात दाखवा. कोठारात धूळ खायला नको.

यातलं पाचवं तर काही न सापडताही करता येईल. मेट्रो ३ चं सीप्झ स्टेशन घ्या. सीप्झच्या आवारात सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चचे भग्न अवशेष आहेत. १५७९ चं चर्च, १८४० च्या साथीनंतर ओस पडलं. वर्षातून एकदा, मे महिन्यात, लोक तिथे प्रार्थनेला जातात. आमच्या शाळेत रोज सकाळी प्रार्थना होती, पण इथून काही किलोमीटरवर जवळजवळ साडेचारशे वर्षांपूर्वीचं चर्च उभं आहे हे कुणी सांगितलं नाही. तिथे उतरणाऱ्या आयटीवाल्यांपैकी कितींना माहीत असेल? स्टेशनात एक फोटो आणि चार ओळी लावायला असा किती खर्च येतो?

आता आपल्याबद्दल

कामं संपलेली नाहीत. आणखी मेट्रो येतायत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे आणि ठाणे-बोरिवलीचे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार, ज्या उद्यानात कान्हेरी आहे. त्यातून मोटारी जातील, रेल्वे नाही, पण जमिनीला काय फरक पडतो? आपले सीनिअर्स अशाच साइटवर आहेत आणि दोन वर्षांनी आपणही असू. हेल्मेट घालून, नाइट शिफ्टला, खड्ड्याच्या काठावर. पुरातत्त्व खात्याचा माणूस तिथे नसेल, प्रोजेक्ट मॅनेजर झोपलेला असेल, आणि पोकलेनवाला विचारेल, "साहेब, दगड लागलाय, फोडू का?"

त्या वेळी दहा मिनिटं थांबून, माती झटकून, टॉर्च मारून बघणं, फोटो काढून वर कळवणं हे आपल्या हातात आहे. त्यासाठी आधी थोडं डोळे तयार करावे लागतील. सिव्हिल विभागाने आणि एनएसएसने मिळून या टर्मला एक तरी रविवार कोंडिविटे-जोगेश्वरी-मंडपेश्वर अशी फेरी ठेवावी, ही सरांना विनंती. सर्व्हे कॅम्पमध्ये थिओडोलाइट घेऊन माळावर उभं राहतोच, एकदा लेण्यासमोर उभं राहू. जर्नलला एक शीट वाढेल, वाढू दे!

पन्नास वर्षांनी मेट्रोचे डबे बदलतील, सिग्नल बदलतील, कदाचित भुयारंही नवी होतील. ते सगळं पुन्हा बांधता येतं. एकदा फोडलेला वीरगळ मात्र पुन्हा बांधता येत नाही. म्हणून म्हणते, खोदा, जरूर खोदा. फक्त आधी बघा.

— तृतीय वर्ष, सिव्हिल