चकतीवरचे कविसमय

डिजिटल कॅमेऱ्याच्या माथ्यावर जी लहानशी गोल चकती असते, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे आमचे मत आहे. या चकतीवर नखाएवढी चित्रे छापलेली असतात: एका स्त्रीचा चेहरा, डोंगराची दोन शिखरे, धावणारा माणूस, एक फूल, चांदणीखाली उभी असलेली व्यक्ती. मेनूत शिरावे तर यादी आणखी लांबते. बर्फ, समुद्रकिनारा, सूर्यास्त, शोभेची दारू, खाद्यपदार्थ, तान्हे मूल, पाळीव प्राणी, वस्तुसंग्रहालय. छायाचित्रणातील जाणकार या 'सीन मोड्स'ना नवशिक्यांचा पांगुळगाडा समजतात आणि त्यांचा उल्लेखही काहीशा कुचेष्टेनेच करतात. आम्हांला मात्र ही यादी म्हणजे एक आटोपशीर काव्यशास्त्र वाटते. जगात पाहण्याजोगे काय आहे आणि जे आहे ते कसे दिसले पाहिजे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिने आधीच देऊन ठेवलेली आहेत. ती उत्तरे निमूट स्वीकारायची की वाचायची, हा आमच्या लेखी महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रथम यंत्राचे काम पाहू. अ‍ॅपर्चर किती उघडायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे आणि सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, किती ठेवायची, या तीन निर्णयांवर चित्राचा उजेड ठरतो. तेवढाच उजेड या तिघांच्या अनेक जुळण्यांनी साधता येतो. पण प्रत्येक जुळणीतून निघणारे चित्र निराळे असते. सीन मोड म्हणजे यांपैकी एक जुळणी विषयाचे नाव देऊन बांधून ठेवणे. 'पोर्ट्रेट'मध्ये अ‍ॅपर्चर शक्य तितके मोठे ठेवले जाते, त्यामुळे चेहऱ्यामागचे जग धूसर होते. 'लँडस्केप'मध्ये ते लहान होते, जवळच्या दगडापासून दूरच्या कड्यापर्यंत सारे रेखीव येते आणि फ्लॅश बंद राहतो. 'स्पोर्ट्स'मध्ये शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके किंवा त्याहून वेगवान होऊ पाहते. 'नाइट पोर्ट्रेट'मध्ये फ्लॅश जवळचा चेहरा उजळतो आणि शटर मात्र पुढेही उघडे राहून मागच्या दिव्यांचा प्रकाश गोळा करत राहते. म्हणूनच फ्लॅश चमकताच हलणाऱ्या माणसाचे चित्र पुसट येते. 'वस्तुसंग्रहालय' या मोडमध्ये तर चक्क शिष्टाचार भरलेला आहे: तिथे फ्लॅश उडतच नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला जी बंदी आहे, तिचे पालन इथे यंत्रच करते.

डिजिटल कॅमेऱ्याने यात एका मोठ्या गोष्टीची भर घातली. फिल्मच्या काळात रंगाचा स्वभाव पुष्कळसा फिल्म आणि छपाई ठरवीत. कॅमेऱ्याच्या हाती प्रकाशाचे माप तेवढे असे. डिजिटल कॅमेरा चित्र टिपतो आणि लगेच त्याचे संपादनही करतो. लँडस्केपमध्ये हिरवा आणि निळा गडद करणे, पोर्ट्रेटमध्ये त्वचेचा पोत मृदू करणे, सूर्यास्तात तांबूसपणा राखणे, ही कामे शटर मिटल्यानंतर होतात. लेखक आणि संपादक एकाच खोक्यात बसलेले आहेत, आणि चकतीवरचे चित्र हा त्या दोघांमधला करार आहे.

या कराराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९८५ साली आलेल्या कॅननच्या 'टी ८०' या फिल्म कॅमेऱ्यावर निवडीसाठी चित्रे होती. पण ती विषयांची नव्हती, परिणामांची होती. गती गोठवणे, गती वाहती दाखवणे, मागचे धूसर करणे, सारेच रेखीव ठेवणे. वापरणाऱ्याने आधी 'मला काय करायचे आहे' हे ठरवावे, अशी तिथे अपेक्षा होती. १९८८ मध्ये मिनोल्टाने '७०००आय' या कॅमेऱ्यासोबत छोटी इलेक्ट्रॉनिक कार्डे विकायला काढली; पोर्ट्रेटचे कार्ड वेगळे, खेळांचे वेगळे. १९९० च्या कॅनन 'ईओएस १०' ने तर कमालच केली. त्याच्यासोबत नमुना-छायाचित्रांची पुस्तिका मिळे. आपल्याला हवे तसे चित्र पुस्तिकेत शोधायचे, त्याखालचा बारकोड वाचकयंत्राने वाचायचा आणि तो कॅमेऱ्याला द्यायचा. मग कॅमेरा त्या नमुन्याबरहुकूम सज्ज होई. पूर्वसूरींच्या रचना डोळ्यांपुढे ठेवून काव्य करण्याची रीत इतक्या उघडपणे क्वचितच कोणी राबवली असेल. पुढे २००० नंतरच्या दशकात खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांत मोड्सची संख्या वीस-पंचवीसवर गेली. पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यांत बाळासाठी स्वतंत्र मोड होता, आणि बाळाची जन्मतारीख भरून ठेवली की छायाचित्रासोबत त्याचे वयही नोंदले जाई. या पाच-पंचवीस वर्षांत क्रियापदांची जागा नामांनी घेतली. 'मला काय करायचे आहे' हा प्रश्न मागे पडला आणि 'माझ्यासमोर काय आहे' एवढाच उरला. आमच्या मते या कथेतले महत्त्वाचे वळण हेच.

आपल्या परंपरेत या व्यवहाराला नेमके नाव आहे: कविसमय. इसवी सनाच्या ९०० च्या आगेमागे झालेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त त्याची विस्ताराने चर्चा केली आहे आणि तीन प्रकार सांगितले आहेत. नसलेल्याचे वर्णन करणे, असलेल्याचे वर्णन न करणे आणि नियम घालणे. वाहत्या नदीत कमळे उगवत नाहीत, तरी कवी ती उगवतात. वसंतात मालती असली तरी तिचा उल्लेख करायचा नाही. मगर समुद्रातच राहायचा आणि चंदन मलयपर्वतावरच वाढायचे.

आता चकती फिरवून पाहावी. 'फायरवर्क्स' मोडमध्ये शटर काही सेकंद उघडे राहते आणि आकाशात प्रकाशरेषांचे एक भरगच्च फूल उमटते. असे फूल आकाशात कोणत्याही एका क्षणी नसते. डोळ्याला धावत्या ठिणग्या दिसलेल्या असतात. हे नसलेल्याचे वर्णन. पोर्ट्रेट मोड गालावरची रंध्रे आणि सुरकुत्या सौम्य करतो, मागच्या भिंतीवरचा पोपडा विरघळवून टाकतो. हे असलेल्याचे अवर्णन. आणि आकाश निळेच, पान हिरवेच, जेवणाचे ताट उबदार आणि उजळच, हा झाला नियम. हजार-अकराशे वर्षांपूर्वीची ही त्रयी जपानी कारखान्यांतून निघालेल्या यंत्राला इतकी चपखल बसावी, यात चमत्कार काही नाही. पाहणे सामाजिक झाले, पुष्कळांनी पुष्कळांसाठी पाहू लागले, की संकेत जन्माला येतातच.

यावर एक आक्षेप हमखास येतो. संकेत हवेत कशाला, मोड बंद करून कॅमेरा 'ऑटो'वर ठेवला की जग जसे आहे तसे येते, असे अनेकांना वाटते. हा भ्रम आहे. ऑटो हाही एक कविसमयच, फक्त त्याला चित्र नसते. प्रकाशमापकाची ठेवणच अशी की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे तो गृहीत धरतो; आलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारा करडा रंग हे छायाचित्रणातले प्रचलित प्रमाण. बर्फ समोर आला की हा मापक घाबरून उजेड कमी करतो आणि बर्फ मळकट येतो. 'स्नो' मोड एवढेच करतो की मापकाचे म्हणणे न ऐकता उजेड वाढवतो. व्हाइट बॅलन्सचेही तसेच. ऑटोच्या मते पांढरे ते पांढरेच दिसले पाहिजे. त्यामुळे सायंकाळचा नारिंगी प्रकाश त्याला दोष वाटतो आणि तो पुसू पाहतो. 'सनसेट' मोड त्याचा हात धरतो. म्हणजे ज्याला आपण सजावट समजतो, तोच मोड कित्येकदा डोळ्यांनी पाहिलेल्याच्या अधिक जवळ जातो. गद्य म्हणजे वास्तव आणि वृत्त म्हणजे कृत्रिमता, ही समजूत साहित्याच्या वर्गात आपण खोडून काढतो. इथेही ती टिकत नाही.

मग अडचण कुठे आहे? राजशेखराच्याच विवेचनात तिचे उत्तर सापडते. प्राचीन विद्वानांनी देशोदेशी आणि द्वीपांतरी फिरून जे पाहिले ते लिहिले; देश आणि काळ बदलल्यावर ते तसे उरले नाही तरी तसेच रचत राहणे म्हणजे कविसमय, अशा आशयाची त्याची व्याख्या आहे. 'देश बदलल्यावर' हे शब्द आम्हांला मोलाचे वाटतात. महाराष्ट्रात विकल्या गेलेल्या लक्षावधी कॅमेऱ्यांत बर्फाचे चित्र आहे. सह्याद्रीत बर्फ पडत नाही. आषाढातले करडे आकाश, ओला काळा कातळ आणि त्यावरची कोवळी हिरवळ यांच्यासाठी चित्र नाही. तिथे लँडस्केप मोड लावला तर तो हिरवळीला भडक करतो आणि आकाशात निळा शोधत बसतो. वेरूळच्या काळ्या पाषाणापुढे मापक बर्फाच्या नेमकी उलट चूक करतो: काळ्याला उजळवून करडे करतो. इथे उजेड कमी करायला हवा. बर्फाला नाव मिळाले, बेसाल्टला मिळाले नाही.

दगडाच्या बाबतीत हे सोसता येईल. माणसाच्या बाबतीत ते सोसण्याजोगे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक छपाईच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी नमुना-छायाचित्रे पुरवीत असे, ती 'शर्ली कार्डे' म्हणून ओळखली जात, आणि त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रियांचेच चेहरे होते. त्या त्वचेला मानणारी रंगव्यवस्था सावळ्या चेहऱ्यांना न्याय देत नसे. ही उणीव उशिरा का होईना मान्य झाली: गूगलने २०२१ मध्ये 'पिक्सेल ६' फोनसोबत 'रिअल टोन' आणले आणि २०२२ मध्ये दहा छटांचे 'मंक स्किन टोन' हे माप प्रसिद्ध केले. तरीही अनेक फोनांतले 'ब्यूटी' मोड चेहरा नितळ करता करता गोराही करतात. मुलीच्या लग्नासाठी काढलेल्या छायाचित्रात हा संकेत निमूट काम करतो तेव्हा प्रश्न अभिरुचीपुरता उरत नाही. 'असलेल्याचे अवर्णन' इथे एका जित्या माणसाच्या रंगावर चाललेले असते.

आणि आता चकतीच नाहीशी होते आहे. २०१६ मध्ये 'आयफोन ७ प्लस'ने पोर्ट्रेट मोड आणला. तिथली धूसरता मोठ्या भिंगातून आलेली नसते, ती गणिताने रंगवलेली असते. तरी तिथे निवड वापरणाऱ्याची होती. पुढे फोन दृश्य स्वतःच ओळखू लागले: हे ताट आहे, हे मांजर आहे, ही रात्र आहे. २०२३ च्या मार्चमध्ये एक प्रकरण गाजले. एका वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले आणि दुरून सॅमसंगच्या फोनने त्याचे छायाचित्र घेतले. मूळ चित्रात नसलेले बारकावे फोनने त्यात भरले. कॅमेऱ्यातील 'सीन ऑप्टिमायझर' चंद्र ओळखतो आणि त्याचा तपशील वाढवतो, असे कंपनीने त्यानंतर सविस्तर सांगितले. नसलेल्याचे वर्णन यापुढे आणखी काय असेल? चंद्रासारख्या विषयावर कवींनी आजवर कितीतरी संकेत लादले. पण तो संकेत आहे, हे कवी आणि रसिक दोघेही जाणत होते. चकोर चांदणे पितो, असे म्हणणाऱ्याने कोणाला फसवले नव्हते. फोनचा चंद्र पाहणाऱ्याला मात्र तो आपण टिपला, असे वाटत असते.

म्हणून आम्ही सीन मोड्सची बाजू घेतो, आणि ती गंभीरपणे घेतो. चकतीवरचे चित्र संकेताला तोंड देते, नाव देते. ते निवडताना आपण एक प्रकार निवडला, हे बोटाला कळते. ज्याला नाव आहे त्याच्याशी वाद घालता येतो, आणि ज्याच्याशी वाद घालता येतो ते वाकवताही येते. उरणच्या मिठागरांतल्या मिठाच्या राशी, पणजीचे पांढरेशुभ्र चर्च, वारीतल्या पांढऱ्या सदऱ्यांची गर्दी यांना 'स्नो' मोड उत्तम लागू पडतो. देशांतराने निरर्थक झालेला संकेत असा नव्या देशात अर्थ कमावतो. कवींनी जुन्या वृत्तांचे हेच केले.

साहित्याच्या शिक्षकांना आम्ही एक साधा प्रयोग सुचवतो. वर्गात कोणाकडे जुना डिजिटल कॅमेरा असेल तर तो मागून घ्यावा. खिडकीशी वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याची चार छायाचित्रे घ्यावीत: पोर्ट्रेट, लँडस्केप, सनसेट आणि स्नो. पहिल्यात तो एकटा असेल. दुसऱ्यात बाके, फळा आणि भिंतीवरची ओल त्याच्या बरोबरीने येतील. तिसऱ्यात भर दुपारी स्मरणरंजन उमटेल. चौथ्यात खिडकीतला उजेड त्याचा चेहरा खाऊन टाकू लागेल. मग विचारावे: या चारांपैकी खोटे कोणते? एकाच घटनेचा पोवाडा, ओवी आणि बातमी यांत काय काय होते, हे शिकवायला याहून सोपी वाट आम्हांला दिसत नाही. विषयाशी मोड मुद्दाम विजोड लावावा, म्हणजे संकेत बोलू लागतो.

संकेतांवाचून पाहणे कोणालाच साधलेले नाही, आणि साधावे असेही आमचे म्हणणे नाही. कोणत्या संकेतातून आपण पाहतो आहोत, हे पाहणाऱ्याला विचारता यावे आणि त्याचे उत्तर त्याला मिळावे, इतकीच आमची मागणी आहे. नखाएवढ्या चित्रांची ती चकती हे उत्तर देत असे. जे यंत्र ते देत नाही, त्याला कितीही शहाणे म्हटले तरी त्याच्या चित्रांवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.