‘अलिबाग से आया है क्या?’

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर चुंबकीय वेधशाळेने १९०४ साली अलिबाग गाठले. तिच्या नाजूक सुयांना निवांतपणा लाभला तो इथेच. तरी हिंदी पडद्यावरचा मूर्ख म्हणे अलिबागहून येतो! याविरुद्ध एक अलिबागकर २०१९ साली उच्च न्यायालयात गेले. न्यायालय म्हणाले, विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका. निकाल योग्यच झाला. थट्टेला कायद्याची बेडी घातली, तर तमाशातला सोंगाड्या आधी गजाआड जाईल. (आणि आम्ही किनाऱ्यावरचे लोक घाटावरच्यांना काय काय म्हणतो, ते सणासुदीला न लिहिलेले बरे!)

पुढे २०२१ साली ‘इंडियन आयडॉल’चे सूत्रसंचालक आदित्य नारायण तेच वाक्य बोलले. मनसेच्या अमेय खोपकरांनी दम भरला, माफी आली. पण वाचकहो, ही माफी की वसुली? दम भरणाऱ्याला उद्या अलिबागकराचेच बोलणे खटकले, तर? जाब विचारावा वाहिनीने, आणि तोही आपल्या माणसांना. कार्यक्रम आधी चित्रित होतो. तो कापणारे, जोडणारे, पसंत करणारे लोक असतात. त्यांची कात्री तेव्हा कुठे होती?