काकूंची तिरपी रेघ

खिडकी क्रमांक तीन : साप्ताहिक सदर

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या माणसाला पत्ता विचारला की तो आकडेच सांगतो. एन-७, पुढे एखादं अक्षर, मग १२/३. आमच्या गल्लीतल्या काकूंचा पत्ता याच थाटाचा. गेल्या सोमवारी त्यांच्यासोबत एका सेवा केंद्रात बसलो होतो. ऑपरेटर पोरगा चपळ. रकाने भरले, कागद स्कॅन करून चढवले, ‘सबमिट’ दाबलं. लाल अक्षरं उमटली : ‘तांत्रिक अडचण. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

पुन्हा केला. पुन्हा तेच. ‘सर्व्हर डाऊन असंल मावशी, दुपारून या.’ दुपारी गेलो. आता संशय जिल्ह्याच्या नावावर : आधारवर जुनं, यादीत नवं. मग फोटोच्या साइजवर. चौथ्या खेपेला पोरानं १२/३ मधली तिरपी रेघ काढून जागा मोकळी सोडली. अर्ज गेला!

असा अर्ज तीन मजले उतरतो. वर पडदा, म्हणजे आपल्याला दिसणारा फॉर्म. मधल्या मजल्यावर योजनेचे नियम. तळाशी डेटाबेस. प्रत्येकानं आपापली तपासणी करायची असते, कारण प्रत्येकाला दिसतं ते वेगळं. आधार क्रमांकच घ्या. त्यातला बारावा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. ही रीत डच गणिती याकोबस फेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. टाइप करताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर पडद्यावरच कळतं. पण क्रमांक बिनचूक असून भलत्याच माणसाचा असेल, तर पडदा बिचारा काय करणार? ते पाहायला खालीच उतरावं लागतं.

हे न पाहिल्यावर काय होतं, ते राज्याच्या २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीत आपण पाहिलं. ३४,०२२ कोटींची योजना, ऑनलाइन अर्ज, बँकांकडून आलेली माहिती वेगळी. ऑक्टोबरात पात्र शेतकऱ्यांची ‘ग्रीन लिस्ट’ निघाली आणि एकच आधार क्रमांक कित्येक शेतकऱ्यांच्या नावापुढे दिसला. याद्या पोर्टलवरून काढून घ्याव्या लागल्या. एकेक ओळ सुटी वाचली तर खटकण्यासारखं काही नाही; ओळीशी ओळ ताडून पाहिली तरच चूक सापडणार. हे काम खालच्या मजल्याचं. ते तिथं झालं नाही आणि चूक उघडी पडली थेट गावागावांत.

काकूंच्या अर्जाची गोष्ट मात्र उलटी. तिथं कुठल्यातरी मजल्यानं तपासणी चोख केली होती. पत्त्यात तिरपी रेघ चालत नाही, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तसा नकार त्यानं वर धाडलाही असेल. पण वर येता येता कारण गळून पडलं आणि नुसता नकार उरला. प्रोग्रामर मंडळी याला ‘एरर गिळणं’ म्हणतात. गिळतो प्रोग्राम, ठसका काकूंना.

बचाव ठरलेला असतो : आतलं सगळं बाहेर दाखवलं तर सुरक्षेचं काय? बरोबर आहे. डेटाबेसच्या तक्त्यांची नावं पडद्यावर येऊ नयेत. यंत्रणाच कोलमडली असेल तर ‘चूक आमची आहे, हा तुमचा तक्रार क्रमांक’ एवढं पुरे. तपशील आतल्या नोंदवहीत राहू द्या. पण चूक अर्जदाराची असेल, तर रकान्याचं नाव घेऊन सांगा, काय चालेल तेही सांगा आणि पाच चुका असतील तर पाचही एका दमात सांगा. एक दुरुस्त केली की दुसरी दाखवायची, ही जुन्या कचेरीची खोड संगणकाला लावू नका. आणि ते ‘अवैध’ काढा हो! ‘पत्ता अवैध’ वाचलं की काकूंना वाटतं, आपण अतिक्रमणात राहतो.

नकारापेक्षाही घातक असतो मुका होकार. आपल्या शहराचं औरंगाबाद हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदललं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये जुन्या नावाला दहा अक्षरं लागायची. नव्याला, मधली जागा धरून, पंचवीस. समजा एखाद्या जुन्या प्रोग्रामच्या रकान्यात वीसच मावतात आणि उरलेली तो गुपचूप छाटतो. मग कागदावर राहतं ‘छत्रपती संभाजी’. नगर गायब! लाल अक्षरं नाहीत, पुन्हा प्रयत्न नाही, सगळं हिरवंगार. वर्षभरानं दुसऱ्या खात्यात तो कागद जुळत नाही, तेव्हा दोष कागद घेऊन आलेल्याच्या माथी.

म्हणून पोर्टल बांधणाऱ्यांना एकच विनंती. चाचणीला ‘एबीसी रोड’ टाकू नका. सिडकोचा खराखुरा पत्ता टाका, शहराचं पूर्ण नाव टाका, आणि अर्ज अडला तर का अडला, ते पडद्यावरून काकूंना कळतंय का बघा.

परवा काकू त्याच केंद्रात पावती घ्यायला गेल्या. रांगेत एन-९ मधली एक बाई तिसऱ्यांदा आलेली. काकूंनी तिचा कागद हातात घेतला, पत्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘ही रेघ काढायला सांग बाई त्याला.’

– रांगेतला