भाड्याची मोटार आणि परक्या गावांची नावे

प्रवासवर्णनातील नायकाची वाहने काळाप्रमाणे बदलत आली आहेत. 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत बहुतांशी पायी हिंडले. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'च्या काळात आग्नेय आशियाला जाणे हीच अपूर्वाई होती. आजचा मराठी प्रवासी बँकॉकच्या विमानतळावर क्रेडिट कार्डावर अनामत भरतो, मोटार भाड्याने घेतो आणि 'खरा थायलंड' पाहण्यासाठी खेड्यांची वाट धरतो. ते अवघडही नाही. तेथेही वाहने डावीकडून चालतात, आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना बरोबर असला की काम भागते आणि मोठ्या रस्त्यांवरील पाट्या थाई लिपीबरोबर रोमन लिपीतही असतात. सहलकंपनीच्या वेळापत्रकातून सुटलेल्या या प्रवाशाचे आम्हांला कौतुकच आहे. मात्र या सुटकेतून जे लेखन निपजते, त्याबद्दल आमची एक तक्रार आहे. हा प्रवासी गावांच्या नावांविषयी फार लिहितो आणि रस्त्याविषयी काहीच लिहीत नाही.

नावांचा मोह समजण्यासारखा आहे. बँकॉकहून ईशान्येकडे निघालेल्या संस्कृतज्ञ मनाला प्रत्येक पाटी म्हणजे मेजवानी. नाखोन रात्चासिमा म्हणजे नगर राजसीमा. बुरीराममध्ये पुरी आणि रम्य. उबोन रात्चाथानीमध्ये उत्पल आणि राजधानी. या साऱ्या प्रदेशाचे नावच 'इसान', म्हणजे आपली ईशान दिशा. येथे आपला प्रवासी हर्षभरित होतो, 'सगळे आपलेच!' असे लिहितो आणि पुढच्या गावाकडे मोटार हाकतो.

पण ईशान्य कोणापासून? दिशेला नेहमी कोणीतरी मध्यभागी उभे असावे लागते. इसान हा बँकॉकचा ईशान्य. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या सांध्यावर राजधानीने आपला कारभार या मुलखात घट्ट केला, तेव्हा हे नाव सरकारी व्यवहारात रुजले. तेथील बहुसंख्य लोकांची घरची बोली लाओ भाषेच्या कुळातली. दक्षिणेकडील जिल्ह्यांत ख्मेर बोलणारेही पुष्कळ. म्हणजे ज्या संस्कृत नावाने आपल्याला घरी आल्यासारखे वाटते, ते त्या घरातल्या माणसांना राजधानीने दिलेले नाव आहे. तत्सम शब्द दिसला की आपण आप्तसंबंध गृहीत धरतो. सत्तासंबंध आपल्या ध्यानात येत नाही.

थाई साहित्यात प्रवासकाव्याचा 'निरात' नावाचा एक जुना प्रकार आहे. सुनथोन फू (१७८६–१८५५) हा त्याचा सर्वांत ख्यातनाम कवी. निरातमधला प्रवासी वाटेवरच्या गावांच्या नावांवर श्लेष करतो आणि प्रत्येक नावातून त्याला दुरावलेल्या प्रियजनाची आठवण होते. गाव हे तेथे निमित्त असते. आपला मोटारप्रवासीही नेमके हेच करतो, कारण त्याला प्रत्येक नावात स्वतःची हरवलेली थोरवी भेटते. फरक एवढाच, की निरातचा कवी आपण विरहात आहोत हे मान्य करून लिहितो आणि आपला लेखक मात्र आपण थायलंडविषयी लिहीत आहोत असे समजतो.

आता रस्त्याविषयी. साराबुरीहून कोराटला, म्हणजे नाखोन रात्चासिमाला, नेणाऱ्या महामार्गाचे नाव 'मित्रफाप', अर्थात मैत्री. हा शब्दही आपल्या 'मित्र'वरूनच आलेला; परंतु ही मैत्री अमेरिकेशी होती. अमेरिकी मदतीने बांधलेला हा रस्ता १९५८ साली खुला झाला आणि पुढे मेकाँगकाठच्या नोंगखायपर्यंत गेला. शीतयुद्धाच्या काळात लाओसच्या सीमेपर्यंत पक्का रस्ता असणे ही लष्करी गरज होती. व्हिएतनाम युद्धात कोराट, उदोन आणि उबोन येथील तळांवरून अमेरिकी विमाने उडत होती. तेव्हा याच रस्त्याने इसानात शिरून 'आधुनिकतेचा स्पर्श न झालेले खेडे' गवसल्याचे लिहिणे, हा भूगोलाइतकाच इतिहासाचाही अपमान आहे.

याच रस्त्यावर आज मरते कोण, हेही पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या अहवालात थायलंडमधील रस्ते-अपघातांतील मृत्यूंचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ३२.७ असे दिले होते. ते जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते आणि मृतांत फार मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता. दुभाजक असलेल्या महामार्गावर वळण घेण्याची जागा कधीकधी काही किलोमीटर पुढे असते. मोटारीतल्या माणसासाठी ती दोन-चार मिनिटांची गोष्ट. ज्याचे घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला पडले, तो गावकरी मात्र रस्त्याच्या कडेने उलट दिशेने दुचाकी हाकतो. आपला प्रवासी याला 'बेशिस्त' म्हणून मोकळा होतो. गाव आधी होते आणि रस्ता नंतर आला, हा साधा क्रम काचेआडून दिसत नाही.

कोराटच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या २४ क्रमांकाच्या रस्त्याने नांग रोंगच्या पुढे गेले की एका विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर फनोम रुंगचे ख्मेरकालीन शिवमंदिर लागते. तेथल्या द्वारावर शेषशायी विष्णूची शिल्पपट्टी आहे. ती १९६०च्या दशकात नाहीशी झाली, पुढे शिकागोच्या कलासंग्रहालयात आढळली आणि थाई लोकांनी मोठी लोकचळवळ उभारल्यावर १९८८ साली परत आली. तिच्यासमोर उभे राहून 'आपला विष्णू' म्हणणे सोपे आहे. पण तो गेला तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते आणि परत आणताना आपण त्यांच्यात नव्हतो. ज्यांनी तो मागून घेतला, त्यांचा तो आहे. आपण दर्शनाला आलेले पाहुणे. पाहुण्याने हक्क सांगू नये.

मग मोटार घेऊच नये काय? जरूर घ्यावी. बस जेथे थांबत नाही तेथे थांबता येणे, हाच तिचा वाङ्मयीन उपयोग. मात्र निघण्यापूर्वी खाम्फून बूनथावी यांची 'लूक इसान' ही १९७६ची कादंबरी इंग्रजी अनुवादातून अवश्य वाचावी. आग्नेय आशियाई लेखकांसाठीच्या 'सी राइट' पुरस्काराची ती १९७९ साली पहिली थाई मानकरी ठरली. त्या कादंबरीतही प्रवास आहे. १९३०च्या दशकात अवर्षणाने गांजलेली इसानी कुटुंबे मासे मिळवण्यासाठी बैलगाड्यांतून ची नदीकडे निघतात. तो मुलूख आज मोटारीने काही तासांत ओलांडता येतो. पण त्या गाड्यांतल्या माणसांना पाणी कोठे आहे, शिधा किती दिवस पुरेल आणि वाटेतल्या गावात कोणाशी कसे बोलावे, हे जाणून घ्यावेच लागते. त्यांना वाट 'दृश्य' म्हणून परवडत नाही. गोडसे भटजींच्या लेखनालाही बळ मिळते ते याच नाइलाजातून.

मोटारीने आपला हा नाइलाज संपवला. पण त्यातून येणारे ज्ञान दुसऱ्या मार्गाने मिळवण्याची जबाबदारी तिने संपवलेली नाही. प्रवासवर्णन शिकवताना आपण अजूनही वर्णनशैली, विनोद आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व यांवरच गुण देतो. त्यात एका प्रश्नाची भर घालावी, असे आम्ही सुचवतो: लेखक ज्या रस्त्यावरून गेला, तो कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधला, हे त्याला ठाऊक आहे काय? ज्याला हे ठाऊक नाही, त्याने कितीही गावे पाहिली तरी त्याच्या लेखनात गाव येणार नाही, पाट्या तेवढ्या येतील.