समुद्रघोडा पैठणच्या घरात नको

शास्त्रार्थाची रीत अशी की समोरच्याचे म्हणणे आधी त्याला पटेल अशा शब्दांत मांडावे आणि मगच त्याला हात घालावा. पैठणला ही रीत शिकवावी लागत नाही. घरच्या काचेच्या टाकीत प्रवाळ आणि समुद्रघोडे ठेवू पाहणाऱ्या हौशी मंडळींचे म्हणणे मी त्याच रीतीने मांडतो, कारण ते हलके नाही.

पूर्वपक्ष असा. समुद्र आता दूर राहिलेला नाही. पैठणहून तो सह्याद्रीपलीकडे अडीचशे किलोमीटरहून लांब असला, तरी आरओचे पाणी, लिटरला ३५ ग्रॅम तयार समुद्री मीठ, पाण्यातली घाण काढणारा स्किमर आणि पाणी थंड ठेवणारा चिलर एवढ्यावर तो दिवाणखान्यात आणता येतो. शिवाय ट्रॉलरच्या जाळ्यात समुद्रघोडे मरतच आहेत. त्यातला एखादा आमच्या टाकीत जगला तर बिघडले कुठे? परदेशात तर टाकीतच जन्मलेले समुद्रघोडे उघड विकले जातात. आणि नराच्या पिशवीतून पिल्ले बाहेर पडताना ज्या मुलाने पाहिली, ते मूल समुद्राला जन्मात विसरणार नाही.

पहिला मुद्दा मी बराचसा मान्य करतो, पण त्यात एक मोठी फट आहे. समुद्रघोड्याला जठर नाही, दातही नाहीत. नळीसारख्या तोंडाने ओढून घेतलेले बारीक झिंगे आतड्यातून झरझर पुढे सरकतात, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा खावे लागते. समुद्रातून पकडून आणलेला समुद्रघोडा गोठवलेल्या खाद्याकडे बहुधा पाहतही नाही. जे हलते तेच त्याला अन्न वाटते. आर्टेमिया हा बारीक झिंगा घरी उबवता येतो, पण नुसत्या आर्टेमियावर ठेवलेला समुद्रघोडा रोज खात असूनही खंगत जातो. त्यात प्रवाळाची टाकी म्हणजे त्याच्यासाठी नेमकी चुकीची जागा. प्रवाळांना जोराचा प्रवाह लागतो, आणि हा प्राणी पाठीवरच्या एका इवल्या पराने पोहतो, दमला की सागरी गवताला शेपटीचा विळखा घालून थांबतो. टाकीत त्याने विळखा घातला तर तो डंख करणाऱ्या प्रवाळाला किंवा समुद्रपुष्पाला. सोबतचे चपळ मासे त्याच्या तोंडाशी येण्याआधीच खाणे फस्त करतात. पाणी तापले की व्हिब्रिओ जिवाणू फोफावतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. चिलर आहे, पण दुपारी वीज गेली की चिलर आणि पंप एकदमच जातात, आणि पाण्यातला प्राणवायू घटू लागतो.

तरीही एखादा निष्ठावान माणूस समुद्रघोड्यांसाठी वेगळी, संथ पाण्याची टाकी करील, इन्व्हर्टर लावील, दिवसातून चार वेळा खाऊ घालील. असे लोक आहेत आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. म्हणून माझा मुख्य आक्षेप कौशल्यावर नाही. तो समुद्रघोडा आला कुठून, यावर आहे.

भारतात २००१ साली समुद्रघोड्याचे सबंध कुळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. खडक बांधणारे कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखेही त्याच वर्षी तिथे गेले, तेव्हा नुसती खऱ्या कठीण प्रवाळाची टाकीदेखील आधीच कायद्याबाहेर असते. या अनुसूचीतला प्राणी पकडण्याच्या किंवा विकण्याच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. म्हणजे दुकानदार कितीही गोड बोलला तरी खरी पावती तो देऊ शकत नाही.

आता जाळ्याचा युक्तिवाद, जो मला सर्वांत वजनदार वाटतो. २०१७ मधल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे दुसऱ्याच मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यांत सापडतात. आपल्या बंदीने ट्रॉलर थांबले नाहीत, हेही खरे. पण जाळ्यातून जिवंत वर आलेल्या समुद्रघोड्याचे पुढे काय होणार, हे बंदरावर त्याला गिऱ्हाईक आहे की नाही यावर ठरते. गिऱ्हाईक नसेल तर खलाशी त्याला परत पाण्यात टाकू शकतो. जिवंत समुद्रघोड्याला चांगला भाव आहे असे कळले की तो परत टाकला जात नाही, आणि पुढच्या खेपेला मुद्दाम शोधला जातो. आपण एकाला वाचवले असे समजतो आणि भाव बांधून देतो दहांचा. शिवाय अनेक जातींत नरमादीची जोडी विणीच्या हंगामभर टिकते. एकाला उचलले की दुसऱ्याची वीणही खोळंबते.

संत एकनाथांच्या या गावात रामेश्वराचे नाव निघाले की काशीची कावड आणि तहानेने तडफडणारे गाढव आठवतेच. त्या रामेश्वराच्या एका अंगाला पाल्कचा उपसागर आणि दुसऱ्या अंगाला मन्नारचे आखात आहे, आणि समुद्रघोडे फार मोठ्या प्रमाणात पकडले गेले ते याच पाण्यातून. नाथांनी देवासाठी आणलेले पाणी त्या गाढवाला पाजून सोडले. आपल्याला सोडायची आहे ती दिवाणखान्याची शोभा.

परदेशी पैदाशीचा दाखला खोटा नाही. साइट्स कराराखाली २००४ पासून समुद्रघोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले, आणि जिवंत समुद्रघोड्यांचा पुष्कळसा व्यापार आता टाकीत वाढवलेल्यांचा आहे. गोव्यात दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही आपल्याकडच्या कुडा जातीची पैदास झाली आहे. उद्या सरकारने अशा पिढीला दाखला देऊन ती हौशींना द्यायचे ठरवले, तर माझा हा आक्षेप गळून पडेल. तोवर मात्र दाखल्याशिवाय आलेला प्रत्येक समुद्रघोडा समुद्रातून उचललेला आहे असेच धरून चालले पाहिजे.

मग शिकलेली विद्या वाया घालवायची का? मुळीच नाही. खारे पाणीच हवे असेल तर क्लाउनफिश आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची टाकीतली पैदास केव्हाच साधली, आणि आपल्या राज्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही सागरी शोभिवंत माशांची पैदास होते. दाखला मागून हॅचरीतली जोडी घ्यावी, प्रवाळाच्या जागी सिरॅमिकचे खडक ठेवावेत आणि अंडी घालण्यापर्यंत मजल मारावी.

पण माझे मन गोड्या पाण्याकडे जास्त ओढते. काचेसारखा आरपार दिसणारा चांदा, विणीच्या दिवसांत लालसर होणारा ठिपक्यांचा टिक्टो, चपळ डॅनिओ हे सगळे आपल्याच पाण्यातले मासे आहेत आणि त्यांची वीण घरच्या टाकीत होऊ शकते. पैठणचा नाथसागर जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा तिथून एक मासाही उचलू नये. हद्दीबाहेरच्या ओढ्यांत आणि शेततळ्यांत ते शोधावेत. आणि टाकीतला विकतचा मासा कंटाळा आला म्हणून जलाशयात सोडू नये. घरच्या टाक्यांच्या बाजारातून आलेला सकर मासा उजनीत कसा माजला आहे, हे तिथल्या कोळ्यांना विचारावे.

राहिला मुलांचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. माशांतले बापपण दाखवायला समुद्रघोडाच हवा असे नाही. पावसाळ्यात तळ्याच्या उथळ काठावर मरळीच्या केशरी पिल्लांचा घोळका दिसतो आणि खाली आईबाप राखण करत फिरत असतात. त्यासाठी कुणाला पकडावे लागत नाही, विकत घ्यावे लागत नाही. पोराला सोबत घेऊन तळ्यावर जावे, तास-दोन तास बसावे आणि त्याचे प्रश्न संपेपर्यंत उठू नये.