दहा धावा, दहा धावा आणि तीन बळी



कसोटी सामना संपला, की दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत आणखी एक सामना सुरू होतो. तोंडाचा! "तो काही कामाचा नाही, काढून टाका त्याला!" "तुझा लाडका आहे ना, म्हणून बाजू घेतोस!" डबा तसाच राहतो आणि घंटा होते. या भांडणात पंच असतो धावफलक. नावापुढे मोठा आकडा, तो हिरो. नावापुढे भोपळा, तो झीरो. संपलं!

पण खरंच इतकं सोपं असतं का ते? मागच्या अंकात आपण धावफलक वाचायचा कसा ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा धडा. खेळाडूंना गुण द्यायचे कसे? त्यासाठी एक जुनी उत्तरपत्रिका तपासायला घेऊ या. सामना आहे भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, मैदान कोलकात्याचं ईडन गार्डन्स, तारखा ११ ते १५ मार्च २००१. तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण आई-बाबांना नुसतं "लक्ष्मण आणि ईडन" एवढं म्हणून बघा. त्यांचे डोळे कसे चमकतात ते पाहा!

आधी गोष्ट थोडक्यात. स्टीव्ह वॉचा ऑस्ट्रेलियन संघ लागोपाठ १६ कसोटी जिंकून आला होता. त्यातली सोळावी तर आपल्याच मुंबईत. कोलकात्यात त्यांनी ४४५ धावा केल्या आणि आपल्याला १७१ धावांत गुंडाळलं. आपण २७४ धावांनी मागे. वॉने फॉलोऑन दिला, म्हणजे "पुन्हा तुम्हीच खेळा" असं सांगितलं. मग मात्र चमत्कार झाला. आपण दुसऱ्या डावात ७ बाद ६५७ धावा केल्या, डाव घोषित केला आणि शेवटच्या दिवशी त्यांना २१२ धावांत बाद करून सामना १७१ धावांनी जिंकला. फॉलोऑन मिळालेल्या संघाने कसोटी जिंकण्याची ही इतिहासातली फक्त तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा, १८९४ आणि १९८१ साली, इंग्लंडने ही किमया केली होती. त्यानंतर ती जमली फक्त न्यूझीलंडला, २०२३ साली.

चला, आता लाल पेन उघडा.

पहिला विद्यार्थी, व्ही. व्ही. एस. लक्ष्मण. पहिल्या डावात ५९, दुसऱ्या डावात २८१. इथे काय तपासायचं, पैकीच्या पैकी! पण थांबा. नुसत्या २८१ साठी नाही हं. पहिल्या डावातले ते ५९ बघा. अख्ख्या संघाच्या १७१ मधले ५९, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त. ते बघूनच त्याला दुसऱ्या डावात सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. २८१ चं झाड उगवलं ते या ५९ च्या बीमधून. गुण: १० पैकी १०.

दुसरा विद्यार्थी, राहुल द्रविड. लक्ष्मण वर गेला म्हणजे कुणीतरी खाली गेलं ना? तो हा. तिसरा क्रमांक द्रविडचा नेहमीचा. तो सोडून तो सहाव्या क्रमांकावर आला. वर्गात पहिल्या बाकावरून उठवून मागे बसवलं, तर आपण किती दिवस फुगून बसतो! द्रविड खेळायला आला तेव्हा आपण ४ बाद २३२ होतो, म्हणजे अजून ४२ धावांनी मागेच. त्याने ३५३ चेंडू खेळून १८० धावा केल्या आणि शेवटी तो धावचीत झाला. चौथ्या दिवशी तर कमालच झाली. सकाळी २५४ वर चार बाद, संध्याकाळी ५८९ वर चारच बाद! दिवसभरात एकही बळी गेला नाही. दोघांनी मिळून ३७६ धावा जोडल्या. काही जण म्हणतात, "द्रविडने काय, साथ दिली." अहो, पण एका हाताने टाळी वाजते का? गुण: साडेनऊ. अर्धा गुण का कापला? पहिल्या डावात तो २५ वर बाद झाला म्हणून. पेपर तपासताना लाड नाहीत!

तिसरा विद्यार्थी, हरभजन सिंग. वय वर्षं २०. संघाचा मुख्य फिरकी गोलंदाज अनिल कुंबळे खांद्याच्या दुखापतीमुळे घरी. सगळा भार या पोरावर. पहिल्या डावात त्याने ७ बळी घेतले आणि त्यातच पाँटिंग, गिलख्रिस्ट, वॉर्न अशी हॅटट्रिक साधली. कसोटीत हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय. दुसऱ्या डावात आणखी ६. आता गणित करा. सामन्यात ऑस्ट्रेलियाचे २० बळी गेले. त्यातले हरभजनचे १३, उरलेल्या सगळ्यांचे मिळून ७. सामनावीर लक्ष्मण ठरला, ते योग्यच. पण बळी मिळाले नसते, तर त्या ६५७ धावांचं काय झालं असतं? सामना अनिर्णित राहिला असता, एवढंच. म्हणून माझ्या वहीत हरभजनलाही १० पैकी १०.

आता अवघड पेपर. विद्यार्थ्याचं नाव, सचिन तेंडुलकर.

पहिला डाव १० धावा, दुसरा डाव १० धावा. बेरीज २०. मधल्या सुट्टीतला पंच लगेच ओरडेल, "नापास!" फलंदाज म्हणून तो नापासच, यात शंका नाही. देशाचा लाडका असला म्हणून काय झालं? फलंदाजीत १० पैकी २.

पण पान उलटा. पाचव्या दिवशीचा चहा झाला तेव्हा ऑस्ट्रेलिया ३ बाद १६१. सामना अनिर्णित राहणार असं वाटायला लागलेलं. मग १६६ धावसंख्येवर हरभजनने स्टीव्ह वॉ आणि पाँटिंगला टिपलं. आणि मग सचिनच्या हाती चेंडू! १६७ वर गिलख्रिस्ट, १७३ वर हेडन, १७४ वर वॉर्न. तिघंही पायचीत, तिघंही सचिनचे. यातला हेडन ६७ धावांवर पाय रोवून उभा होता. अवघ्या ८ धावांत पाच गडी गेले, त्यांतले तीन सचिनचे. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा दिवसाची थोडीच षटकं उरली होती. सांगा बघू, ते तीन बळी पडले नसते तर? गोलंदाजीत १० पैकी ८.

आता काही हुशार मुलं म्हणतील, "२ आणि ८, सरासरी ५!" नाही हं. इथे सरासरी काढायची नाही. प्रगतिपुस्तकात गणिताचे गुण वेगळे आणि चित्रकलेचे वेगळे लिहितात, ते उगाच नाही. सरासरी काढली, की विद्यार्थी कुठे अडला तेही कळत नाही आणि कुठे चमकला तेही कळत नाही. सचिनच्या नावापुढे दोन्ही आकडे राहू द्या.

शेवटचा विद्यार्थी समोरच्या संघातला, ॲडम गिलख्रिस्ट. आधीच्या मुंबई कसोटीत याने १२२ धावा ठोकून आपली दाणादाण उडवली होती. कोलकात्यात मात्र दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर शून्य! फलंदाजीला गुणही शून्यच. दुसरं काय देणार? पुढच्या चेन्नई कसोटीत १ आणि १. मग गिलख्रिस्ट वाईट फलंदाज का? छे! ९६ कसोटींत १७ शतकं काढलीत त्याने. आपण गुण दिले ते एका सामन्याला. माणसाला नाही. पेपरात शून्य मिळालं म्हणजे मुलगा शून्य होत नाही. (पालकांनो, हे वाक्य तुमच्यासाठीही आहे बरं का!)

आता या सगळ्या तपासणीतून आपल्या हाती काय आलं? तीन प्रश्न. गुण देण्याआधी ते स्वतःला विचारायचे.

१) तो खेळायला आला तेव्हा सामना कुठे होता? ४०० वर ३ बाद असताना केलेल्या ५० धावा आणि ४० वर ४ बाद असताना केलेल्या ५० धावा सारख्या नसतात.

२) समोर कोण होतं? लक्ष्मण आणि द्रविडसमोर मॅग्रा, गिलेस्पी आणि वॉर्न होते. पहिल्या डावात याच मॅग्राने अवघ्या १८ धावांत आपले ४ बळी घेतले होते.

३) त्याच्यामुळे दुसऱ्याला काय करता आलं? द्रविड एका टोकाला उभा राहिला, म्हणून लक्ष्मण दुसऱ्या टोकाला फटके मारू शकला. हरभजनला आखूड लेगला रमेशने वॉर्नचा झेल टिपून दिला, म्हणून हॅटट्रिक झाली. हे झेल, हे उभं राहणं धावफलकात एका छोट्या शब्दात लपलेलं असतं. शोधावं लागतं.

आणि हो, एक नियम सगळ्यात वर. आवडता असो की नावडता, आपला असो की परका, लाल पेन एकच!

या आठवड्याचा गृहपाठ: घरच्यांबरोबर एक सामना पाहा, नाहीतर तुमच्या गल्लीतलाच घ्या. वहीत प्रत्येक खेळाडूपुढे तीन रकाने आखा: फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण. गुण द्या आणि प्रत्येक गुणापुढे एका ओळीत कारण लिहा. कारण सुचलं नाही, तर तो गुण खोडा. मग तीच वही बाबांना किंवा ताईला द्या आणि त्यांचे गुण घ्या. जुळले नाहीत तर भांडू नका, कारणं वाचून दाखवा.

आणि स्वतःचं नावही त्या यादीत लिहायला विसरू नका बरं! तिथे लाल पेन कसं चालतं, तीच खरी परीक्षा.